चालू आगर

पावसाळा सरून पंधरा दिवस झाले होते. मिठाच्या आगरातलं गढूळ पाणी अजून घोट्याच्या वर होतं. त्या सकाळी कर्णा लावलेली जीप वस्तीतून फिरली आणि सांगून गेली, की किनाऱ्यावर उभं राहणार असलेल्या नव्या शहराचा आराखडा शाळेच्या हॉलमध्ये मांडलाय, सगळ्यांनी येऊन बघावा, शंका असतील तर विचाराव्यात.

थोरली तेव्हा वाफ्यात वाकून शेवाळ खरवडत होती. थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. धाकटी जाऊ नवऱ्याबरोबर केव्हाच पोटामागे निघून गेली, सासूसासरे गेले, आता तर ती स्वतःच सासू झाली होती. पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव काही सुटलं नाही. तिच्या नवऱ्याला मुकादम म्हणत. तोही नावाचाच. त्याचा बाप पन्नास माणसांवर मुकादम होता; याने जन्मात कुणावर हुकूम सोडला नव्हता, बायकोवर तर नाहीच.

वस्तीत बारा घरं आणि बारा आगरं. भरतीचं पाणी खाडीत चढायचं, खाडीतून पाटाने आगरात यायचं, आधी मोठ्या तळ्यात तापायचं, मग एकेका वाफ्यात उतरत दाट व्हायचं आणि शेवटच्या वाफ्यात त्याचं मीठ धरायचं. ऐकायला सोपं. पण बाराही आगरांचं पाणी थोरलीच्या आगरातून पुढे जायचं, कारण तिचं आगर सगळ्यात खाडीकडचं. दोन वर्षांपूर्वी वादळात तिचा बाहेरचा बांध फुटला आणि बाराही आगरांत चिखल भरला. गेल्या वर्षी तो बांध दुरुस्त करताना उघाडीचं लाकूड, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची ती जड झडप, मुकादमाच्या कमरेवर पडलं. तो तीन महिने पालथा पडून होता. असे दोन हंगाम गेले.

थोरली तशीच, चिखलाच्या पायांनी शाळेत गेली. हॉलमध्ये मोठ्या टेबलावर काचेखाली शहर मांडलं होतं. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या इमारती, आगपेटीएवढ्या मोटारी, हिरव्या भुशाची झाडं. दारातल्या कारकुनाने तिचे पाय बघितले आणि तिच्यासमोर एक जुना कागद अंथरला. त्यावर उभं राहून बघा म्हणाला. कागदावरून टेबल पाच हात लांब होतं. थोरलीने मान लांब करून बघितलं. खाडी ओळखू आली, शाळा ओळखू आली, वस्ती कुठे दिसेना. आगराच्या जागी निळ्या काचेचं तळं होतं आणि त्यात तांदळाएवढ्या होड्या.

पिवळी टोपी घातलेला कंपनीचा माणूस तिथे होता. तिने त्याला विचारलं की आमचं आगर कुठंय. तो म्हणाला, हे काय, हा जलविहार. ती म्हणाली, इथे आगर आहे. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने एका वहीत बघितलं.

"आहे नाही, होतं. दोन वर्षं तिथे काही पिकलेलं नाही. तिसरं वर्षही गेलं की कायद्याने ती पडीक जमीन."

ती कागदावरून उतरली, टेबलापाशी गेली आणि काचेवर बोट ठेवलं. कारकून हात लावू नका, हात लावू नका करत धावला. तिने बोट उचललं तेव्हा निळ्या तळ्यावर मातीचा एक ठिपका राहिला होता. कारकून तो बाहीने पुसत असतानाच ती बाहेर पडली.

घरी मुकादमाचं म्हणणं वेगळं होतं. तो भिंतीला टेकून, कमरेमागे उशी घेऊन बसला होता आणि हळूहळू बोलत होता. अकरा घरांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्यात, आपण एकटे काय करणार. वसाहतीत दोन खोल्या देतायत. जिना चढायला लागेल, पण बांध तरी चढायला लागणार नाही. लेक तर आधीच त्यांच्याकडे लागला होता. भरावाच्या कामावर डंपर चालवायचा. त्याला त्या कामाची लाज वाटत नव्हती. गाडी मोठी होती, केबिनमध्ये पंखा होता, आणि आगरात वाकून वाकून बापाचं काय झालं ते त्याने बघितलं होतं.

सून कोपऱ्यात बसून कंपनीने वाटलेला कागद वाचत होती. ती आतल्या कोरड्या मुलखातली, बारावी झालेली, लग्नाला वर्ष झालेलं. समुद्र तिने लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा बघितला. थोरली शेजारणींना सांगायची, पोरगी साखरेची आहे, खाऱ्या पाण्यात विरघळेल. म्हणून तिला आगरात कधी नेलंच नव्हतं.

"आई, यात लिहिलंय की सलग तीन हंगाम पीक निघालं नाही तर पडीक," सून म्हणाली. "आणि पाहणी दोन महिन्यांनी आहे. आपलं आगर पहिलं. म्हणजे पाहणीच्या दिवशी वाफ्यात मीठ असलं तर त्यांना चालू आगर लिहावं लागेल. चालू जमीन संमतीशिवाय घेता येत नाही, तेही लिहिलंय. बारीक अक्षरात."

मुकादम म्हणाला, दोन महिन्यांत मीठ, तेही गाळानं भरलेल्या आगरात? चार जोड हात असते तरी झालं नसतं.

थोरलीने सुनेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"उद्या लुगड्याचा काचा मारून ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दोघी आगरात उतरल्या. आधी साचलेलं पाणी डब्यांनी उपसून काढलं, मग गाळ. गाळ म्हणजे वरून ओला आणि खाली चिकट. फावडं मारलं की बाहेर निघताना ओढून धरायचा, जसा काही मुळांनी धरलाय. घमेलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, बांधावर चढायचं, ओतायचं, उतरायचं. पहिल्या दिवशी सुनेने एकशे दहा घमेली मोजली, मग मोजणं सोडलं. तिसऱ्या दिवशी तिच्या टाचा फुटल्या. खारं पाणी भेगांत शिरलं की कशी आग होते हे थोरलीला माहीत होतं. ती वाट बघत होती की ही आता बसेल, आता रडेल. सून बसली नाही. ओठ आत ओढून चालत राहिली. त्या संध्याकाळी थोरलीने तेल गरम केलं, तिचे पाय मांडीवर घेतले आणि भेगांत जिरवलं. सून संकोचून पाय मागे घेऊ लागली. थोरली म्हणाली, गप बस, हे पाय आता माझ्या कामाचे आहेत.

शेजारच्या आगराचा मालक, ज्याला सगळे चष्मा म्हणत, रोज सकाळी बांधावर येऊन उभा राहायचा. सह्या करणाऱ्यांत तो पहिला. त्याने एकदा विचारलं, "वहिनी, कंपनीच्या तळ्याची साफसफाई आत्तापासूनच?" थोरलीने त्याच्याकडे न बघता सांगितलं, की भावोजी, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. सून हसली. वर्षभरात थोरलीने तिला असं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं.

गाळ निघाला. मग वाफ्यांची जमीन तुडवायची होती. हे काम कुठल्या हत्याराने होत नाही, पायांनीच होतं. वाफ्यात शेजारी शेजारी उभं राहायचं, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि टाच दाबत, बोटं दाबत, वीतवीत पुढे सरकायचं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग आडवं, मग परत उभं. जमीन अशी घट्ट व्हायला हवी की पाण्याचा थेंब खाली मुरू नये. सकाळपासून दुपारपर्यंत त्या दोघी असं सरकायच्या. सुरुवातीला गप्प, मग सून बोलू लागली. तिच्या माहेरी विहिरीला पाणी नव्हतं, चार मैलांवरून आणायचे. इथे आल्यावर एवढं पाणी बघून ती पहिले दोन दिवस घाबरून होती, तिने सांगितलं. थोरली म्हणाली, आणि प्यायला एक थेंब नाही. दोघी हसल्या आणि पुढे सरकल्या.

सात वाफे तुडवून झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पाट बुजला.

सकाळी त्या आल्या तर खाडीकडून येणाऱ्या पाटावर पिवळ्या मातीचा भराव होता आणि त्यावरून डंपरची चाकं गेलेली. नव्या शहराकडे जाणारा रस्ता तिथून काढला होता. थोरली तडक कंपनीच्या पत्र्याच्या ऑफिसात गेली. बाहेर बाक होता, पण त्यावर नकाशांची भेंडोळी ठेवली होती. ती दोन तास उन्हात उभी राहिली. आत पंख्याखाली चहा चालला होता, तो तिला खिडकीतून दिसत होता. शेवटी टोपीवाला बाहेर आला. त्याने नकाशा उघडून दाखवला की पाट असा नकाशात नाहीच. ती म्हणाली, नकाशात नसेल, जमिनीवर आहे, माझ्या आजेसासऱ्याने खणलाय. तो म्हणाला, नकाशात नाही ते बुजवायला परवानगी लागत नाही.

त्या संध्याकाळी लेक जेवायला बसला. त्याने आपणहून सांगितलं, की तो भराव माझ्या गाडीने नाही पडला, दुसऱ्या गाडीने पडला. सुनेने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि ती बाहेर अंगणात जाऊन बसली. मुकादम भिंतीकडे बघत होता. लेकाने दोन घास खाल्ले आणि चिडून म्हणाला, की सगळ्यांनी माझ्याकडे असं बघायचं कारण नाही, या घरात रोजचा बाजार कोण भरतोय.

"तू भरतोस," थोरली म्हणाली. "त्याबद्दल तुला कुणी बोललं नाही, बोलणारही नाही. पण तुझी बायको गेले वीस दिवस जी जमीन तुडवतेय, तिच्यावर उद्या तुला माती ओतायला सांगतील. तेव्हा दुसरी गाडी नसेल. तेव्हाचं काय ते आजच ठरवून ठेव."

तो ताटावरून उठला नाही. पण जेवलाही नाही.

पाण्याचा मार्ग बदलायचं ठरलं. जुना पाट सोडायचा आणि आगराच्या बाहेरच्या बांधातूनच, थेट खाडीकडून, नवी उघाडी काढायची. पण तिथे भरतीचा मार सरळ येतो. उघाडीच्या दोन्ही बाजूंनी शंभर पावलं लांब, पुरुषभर उंचीचा नवा बांध घालावा लागणार होता. त्याला चिकण माती हवी. आगराचा गाळ चालत नाही, तो पहिल्या उधाणात वाहून जातो. चिकण माती टेकडीच्या पायथ्याला, अर्ध्या कोसावर. अमावास्येच्या उधाणाला नऊ दिवस उरले होते. तोवर बांध उभा राहिला आणि उघाडी बसली तरच ते पाणी आत घेता येणार होतं. नाहीतर पुढचं उधाण पंधरा दिवसांनी, आणि मग पाहणीपर्यंत मीठ धरणं शक्य नव्हतं.

पहिल्या दिवशी दोघींनी डोक्यावरून तीस पाट्या माती आणली. संध्याकाळी थोरलीने ढीग बघितला. चांगली गाय बसली असती तर तिच्या मागे लपला असता. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. हिशेब सुनेलाही येत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, रस्त्यावरून एक डंपर वळला आणि आगराच्या वाटेने येऊ लागला. थोरलीने फावडं उचललं आणि वाफ्यांच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. डंपर वाफ्यांकडे आलाच नाही. बाहेरच्या बांधाला लागून मागे मागे गेला, थांबला, हौद वर उचलला आणि टेकडीची पिवळी चिकण माती घरंगळत खाली आली. केबिनमधून लेकाने मान बाहेर काढली.

"इथेच ना?" त्याने विचारलं.

सून पुढे झाली आणि हाताने दाखवू लागली, थोडं पुढे, आता डावीकडे, बस. त्या दिवशी त्याने चौदा खेपा टाकल्या. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पंधराव्या खेपेला टोपीवाला जीपमधून आला आणि डंपरच्या पुढे जीप आडवी घातली. हा काय प्रकार म्हणून त्याने विचारलं. लेक खाली उतरला. म्हणाला, भराव टाक म्हणाला होतात, टाकला. कुठे टाकायचा ते नीट सांगितलं नव्हतं.

टोपीवाल्याने किल्ली मागितली. लेकाने दिली.

"ज्याचं मीठ खातोस त्याला जागायची रीत नाही वाटतं तुमच्यात," टोपीवाला म्हणाला.

"मीठ आमचंच आहे साहेब," लेक म्हणाला. "तुम्हीच खाताय."

मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आईच्या हातातलं फावडं घेतलं आणि माती बांधावर चढवायला लागला. त्याला ती सवय राहिली नव्हती. तासाभरात तळहाताला फोड आले. सुनेने स्वतःचा पदर फाडून त्याच्या हाताला बांधला. त्यांचं चार दिवस बंद असलेलं बोलणं तिथे, चिखलात, सुरू झालं.

बांध उभा राहिला, राहिली ती उघाडी. झडप बसवायचं काम मुकादमाचं होतं, बाकी कुणाला ते येत नव्हतं. लाकूड किती खोल गाडायचं, कुठल्या बाजूला कललेलं ठेवायचं, भेगांत काय भरायचं, हे सगळं त्याच्या हातात होतं आणि हात आता कमरेच्या हवाली. उधाणाच्या आदल्या दिवशी लेकाने त्याला पाठुंगळी मारून बांधावर आणलं आणि चिखलात गोणपाट घालून बसवलं. पहिला तासभर तो नुसता चुकचुकत राहिला. मग लेकाने खांब उलटा धरला तसा त्याचा आवाज चढला.

"अरे उलटा नको. पाणी काय तुझ्या सोयीने येणार आहे का? फिरव. तू, सूनबाई, पाचर खालून ठोक. खालून. आणि तू बाजूला सर, तुझी सावली पडतेय."

बाजूला सर हे त्याने बायकोला म्हटलं होतं. थोरली बाजूला सरली. तीस वर्षांत त्याचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. ती पाठ फिरवून हसली आणि मग डोळे पुसले. सूर्य मावळायच्या आत झडप बसली. दुसऱ्या दिवशी उधाण आलं, बांधावर धडकलं, दोन ठिकाणी झिरपलं, तिथे त्यांनी पोती टाकून स्वतः पाठी लावल्या; आणि पाणी उतरायला लागलं तेव्हा बांध जागेवर होता आणि आतलं तळं काठोकाठ भरलेलं.

पुढचे दिवस उन्हाचे होते. पाणी तळ्यातून पहिल्या वाफ्यात, पहिल्यातून दुसऱ्यात. थोरली रोज बोट बुडवून जिभेला लावायची आणि पुढे सोडायचं की थांबायचं ते सांगायची. सूनही लावायला शिकली. पहिल्यांदा तिला उलटी आली. दहा दिवसांनी ती थोरलीच्या आधी सांगू लागली, आई, आज सोडायला हवं. पाण्याचा रंग बदलला, मातकट होता तो तांबूस झाला. हात बुडवून वाळवला की कातडीवर पांढरी रेघ उठायची.

आणि मग आभाळ आलं. पाऊस नव्हता, नुसतं मळभ. ऊन नाही तर मीठ नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. पाहणीला अजून पाच दिवस होते, तेवढ्यात निघेल असं मुकादम म्हणत होता. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता दोन गाड्या आगराशी येऊन थांबल्या. पाहणी चार दिवस आधीच ठेवली होती. नोटीस म्हणे शाळेच्या दारावर लावली होती. कालच.

मोजणीचे साहेब वयस्कर होते, छत्री घेऊन आलेले, दमलेले. त्यांच्याबरोबर टोपीवाला आणि कंपनीची दोन माणसं. वस्तीतली माणसंही जमली. चष्मा होता, बाकीचे होते, सगळे आपापल्या बांधांवर, अंतर राखून. टोपीवाला थेट वाफ्यात उतरायला निघाला तसा लेकाने हात आडवा घातला आणि बूट काढायला सांगितलं. साहेबांनी वाकून आपले बूट काढले. मग टोपीवाल्यालाही काढावे लागले.

शेवटच्या वाफ्यात कडेकडेने, दुधावर येते तशी पातळ साय धरली होती. थोरलीने लांब दांड्याची लाकडी फळी घेतली आणि ती हलक्या हाताने ओढून आणली. जेमतेम एक पाटी भरली. करडं, ओलं, बारीक.

"एवढं तर माझ्या घरी डब्यात असतं," टोपीवाला म्हणाला.

"डब्यातलं दुकानातून येतं," थोरली म्हणाली, "आणि दुकानातलं इथून."

त्यावर टोपीवाला साहेबांकडे वळला आणि म्हणाला, की हे मीठ इथलंच कशावरून, या लोकांनी बाजारातून पोतं आणून ओतलं असेल, काल-परवा ऊनही नव्हतं. बांधावरची माणसं कुजबुजली. मुकादमाचा चेहरा पडला. चोर म्हणवून घ्यायची पाळी त्या घरावर कधी आली नव्हती. सून काहीतरी बोलायला पुढे झाली, थोरलीने तिला मागे सारलं.

"साहेब, तुम्ही बसा," ती म्हणाली. "शेजारच्या वाफ्यात आत्ता नुसतं पाणी आहे, बघून घ्या. हात घालून बघा. आणि मग इथेच बसा. तुमच्या डोळ्यांदेखत धरलं तर लिहा, नाही धरलं तर पडीक लिहा. मी सही करते."

साहेबांनी आभाळाकडे बघितलं. आभाळ राखेसारखं होतं. लेक रोज आणून बसवायचा त्या गोणपाटावरून मुकादम म्हणाला, वारा फिरतोय, दुपारपर्यंत फाटेल. त्याच्या आवाजात फारशी खात्री नव्हती. टोपीवाला म्हणाला, साहेबांना अजून दोन ठिकाणी जायचंय. साहेब म्हणाले, जायचंय, पण ते मी बघतो. त्यांनी वाफ्यात हात घातला, पाणी चाळवून बघितलं, तळ चाचपला. मग बांधावर रुमाल अंथरून, छत्री उघडून बसले.

अकरा वाजले. बारा वाजले. कुणी उठून गेलं नाही. थोरली वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली होती, हात गुडघ्यांवर, नजर पाण्यावर. सून तिच्या शेजारी. बारा वाजून गेल्यावर खाडीकडून कोरडा वारा सुटला. आधी दूरच्या पाण्यावर उजेडाचा एक पट्टा पडला, तो सरकत सरकत आला, आणि ऊन एकदम वाफ्यांवर उतरलं. असं कडक, की माणसांनी डोळ्यांवर हात घेतले. अर्धा तास काहीच झालं नाही. टोपीवाल्याने घड्याळ बघितलं. मग सून हळूच म्हणाली, आई, तिकडे बघा.

पाण्यावर, वाऱ्याच्या बाजूच्या कडेला, काहीतरी चमकलं. टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे चौकोनी तुकडे, पाण्यावर तरंगणारे. एक, मग दहा, मग सगळी कड भरली. तरंगत एकमेकांना चिकटायचे, जड व्हायचे, बुडायचे, आणि त्यांच्या जागी नवे यायचे. दोन वाजेपर्यंत पाण्याखालचा तळ पांढुरका दिसू लागला. साहेब कधीच छत्री बाजूला ठेवून वाफ्यावर वाकले होते. त्यांनी दोन बोटांनी थोडं उचललं, जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं करून थुंकले.

"खारट आहे," ते म्हणाले.

"पडीक जमिनीला चव नसते साहेब," थोरली म्हणाली.

टोपीवाला घाईघाईने सांगू लागला, की प्रश्न उत्पादनाच्या प्रमाणाचा आहे, एवढ्याशाने काही होत नाही, वरच्या ऑफिसला विचारायला हवं. साहेब म्हणाले, वरच्या ऑफिसला जे विचारायचं ते तुम्ही विचारा, मला जे दिसतं ते मी लिहितो. त्यांनी गुडघ्यावर फाईल ठेवून लिहिलं. सुनेने त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं: "चालू आगर. पाहणीच्या वेळी मीठ धरताना प्रत्यक्ष पाहिले." मग तिने त्याची प्रत मागितली. साहेबांनी दिली.

त्यानंतर शहर थांबलं असं नाही. रस्त्यापलीकडे जमिनीत लोखंडी खांब ठोकायला सुरुवात झाली. प्रत्येक ठोक्याला घरातली भांडी थरथरायची. कंपनीकडून दोन नोटिसा आल्या. सुनेने दोन्हींना उत्तर लिहिलं, थोरलीने खाली सही केली आणि लेकाने ऑफिसात नेऊन पोच घेतली. एकदा कुणीतरी उघाडीची पाचर काढून नेली. मुकादमाने नवी तासली. तेव्हापासून तो दिवसभर तिथेच बसायचा. मीठ मात्र धरत होतं. दर आठ दिवसांनी वाफे ओढायचे, बांधावर रास करायची. रास आता कमरेएवढी झाली होती आणि रस्त्यावरून दिसायची.

एका सकाळी चष्मा बांधावर आला. नेहमीसारखा उभा राहिला. त्याच्या खांद्यावर फावडं होतं. थोरलीने वाफा ओढायचं थांबवलं नाही. मग तो सांगू लागला. त्याच्या आगराची पाहणी उन्हाळ्याच्या अखेरीला होती. सूनबाईने सांगितलं की ताबा द्यायच्या आधी संमती मागे घेता येते, तसा अर्ज त्याने काल तिच्याकडून लिहून घेतलाय. गाळ काढायला घरातली सगळी लागलीत, एक वाफा तुडवूनही झालाय. पण पाणी नाही. पाणी तुमच्या आगरातूनच येतं, वहिनी.

मुकादम म्हणाला, आत्ता पाणी दिलं तर आपले वाफे पंधरा दिवस मागे पडतील, पुढच्या उधाणापर्यंत. तो खोटं बोलत नव्हता. लेकाने आईकडे बघितलं. चष्म्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. म्हणाला, आधी तुमचं होऊ द्या, मी थांबतो.

थोरलीने फळी खाली ठेवली. त्याच्या खांद्यावरचं फावडं काढून घेतलं, दोन आगरांमधल्या बांधावर गेली आणि तोंडाशी घाव घातला. एक, दोन, तीन. चौथ्या घावाला माती खचली आणि पाणी फसफसत त्याच्या आगरात शिरलं. ती फावडं त्याला परत देत म्हणाली,

"तुमचं तळं भरलं की तुमच्या पलीकडच्याचा बांध फोडा. तो नको म्हणाला तरी फोडा."